अठरा अंशांची खोली

हॉक्सली, ९ जानेवारी

मि. विल्फ मिलबर्न यांस,

पत्र पाहून दचकू नका, कोणी मेलेलं नाही. जायचा तो स्टॅन एप्रिलमध्ये गेला आणि त्याच्या अंत्यविधीला तुम्ही आला होता. चर्चमध्ये सगळ्यांच्या मागे उभे राहिलात, नंतर हॉलमध्ये हॅमची दोन सँडविचेस खाल्लीत आणि भावाच्या बायकोशी एक शब्द न बोलता बेरिकची बस पकडलीत. असो. मी भांडायला लिहीत नाहीये. मला बॉयलरबद्दल विचारायचं आहे.

फोन केला असता, पण तुम्हाला आता तोफेचा आवाजही ऐकू येत नाही असं बसस्टॉपवर कळलं.

ऑक्टोबरात लिंडसेने माझा जुना बॉयलर काढून नवा बसवला. बरोबर एक पांढरी गोल डबी दिली, बशीएवढी. थर्मोस्टॅट. तो म्हणे हुशार आहे. घर किती गरम आहे ते पाहतो, बॉयलरला सांगतो आणि वर लिंडसेलाही सांगतो, तिकडे रेडिंगला, तिच्या फोनवर. तीनशे मैलांवर ऑफिसात बसून माझी मुलगी माझं घर गरम-गार करते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. यातली शेळी मी.

तर झालंय असं, की सकाळी बैठकीच्या खोलीत लोणी वितळतं. दुपारी बॉयलर झोपी जातो तो रात्रीपर्यंत उठत नाही, आणि मी कोट घालून चहा पिते. डबीवर मात्र ‘अठरा’ लिहिलेलं असतं. इथला बॉयलरवाला येऊन गेला. एक बटण दाबलं, शीळ घातली, म्हणाला बॉयलर ठणठणीत आहे. मग बिघाड कुणात, ते त्याने सांगितलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

लिंडसेलाही तेच वाटतं. तिने रेडिंगमधल्या एका इमारतीची रंगीत पत्रकं आणून ठेवली आहेत. म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट, चौथा मजला, खिडकी चार बोटं उघडते. आईला एक बॉयलर सांभाळता येत नाही हे तिला पटलं की माझी रवानगी तिकडे. या घरात मी बावन्न वर्षं राहतेय, विल्फ. मला इथेच राहायचंय.

काय करू ते लिहा.

ऑड्री


बेरिक, १३ जानेवारी

ऑड्री,

मि. मिलबर्न म्हणजे माझा बाप. तो एकाहत्तर साली गेला, त्याला आता बॉयलर दुरुस्त करता येणार नाही. मला विल्फ म्हण. आणि सँडविचेस दोन नव्हती, तीन होती. शिवाय एक पोर्क भरलेली पेस्ट्री. मोजायचं तर नीट मोजावं.

आता कामाचं. बॉयलरच्या पोटाखाली एक घड्याळासारखी तबकडी असेल. काटा एक आणि दोनच्या मधे आहे का बघ. खाली असेल तर पाणी भरून घ्यायचं, खालचा चंदेरी नळ पाव फेरा फिरवून. मग बाहेर जा. भिंतीतून एक पांढरी प्लॅस्टिकची नळी निघून गटारात उतरते. थंडीत ती गोठते, आणि गोठली की बॉयलर तोंड मिटून बसतो. तसं झालं तर तिच्यावर कोमट पाणी ओतायचं. कोमट म्हटलंय मी. उकळतं ओतशील तर नळी फुटेल आणि मग शिव्या मला देशील. खोल्यांतले रेडिएटर, भिंतीवरचे ते गरम पत्रे, वरून गार आणि खालून गरम लागत असतील तर आत हवा अडकलीय. हवा सोडायची चावी स्टॅनच्या शेडमध्ये दाराच्या मागे खिळ्यावर असेल. तो ती दुसरीकडे कधीच ठेवत नसे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती डबी ठेवलीय कुठे? कोणत्या खोलीत, किती उंचीवर, शेजारी काय? घोडं कुठे पेंड खातंय ते तिथेच कळेल. पन्नास वर्षं मी लोकांच्या घरातले बॉयलर पाहिले. बॉयलर खोटं बोलत नाही. घरातली माणसं बोलतात.

विल्फ


हॉक्सली, १७ जानेवारी

विल्फ,

चावी खिळ्यावरच होती. मी जरा वेळ शेडमध्ये बसले आणि मग परत आले.

काटा एकच्या खाली होता, तो दीडवर आणला. नळी गोठलेली नव्हती, पण तुमचं पत्र वाचून हात शिवशिवले, म्हणून किटलीभर पाणी ओतलंच. नळी वाचली, खालचं प्रिमरोझचं फूलझाड मेलं. रेडिएटरमधली हवा काढली, त्यांनी माझ्या स्वेटरवर काळं पाणी थुंकलं. एवढं करून दुपारी घर पुन्हा गार.

डबी बैठकीच्या खोलीत आहे. दुसरीकडे कुठे असणार?

मोजमापाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून लिहिते. सप्टेंबरच्या लीक स्पर्धेत, कांद्याच्या त्या लांब पांढऱ्या भावंडांच्या स्पर्धेत, आपले लीक आपण मोजायचे नाहीत, दुसऱ्या स्पर्धकाने मोजायचे, असा आपल्या क्लबचा रिवाज. एकोणीस वर्षांपूर्वी स्टॅनच्या वाट्याला सख्खा भाऊ आला, तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. मुळापासून पहिल्या पानापर्यंत पांढरा बुंधा सहा इंच, त्याहून जास्त नाही. तुम्ही तुमची पोलादी पट्टी लावलीत आणि भर हॉलमध्ये म्हणालात, अर्धं सूत जास्त, बाद. माणसाच्या मांडीएवढे लीक अर्ध्या सुतापायी टेबलावरून खाली. त्यानंतर स्टॅनने कधी स्पर्धेला लीक नेले नाहीत. दर वर्षी वाढवले आणि दर सप्टेंबरात आम्ही सूप केलं. तुमचं नाव निघालं की तो मीठ जास्त घालायचा.

हे झालं भांडण. आता पुन्हा कामाचं. समजा एखाद्याला घरातल्या एकाच खोलीत अठरा अंश ठेवायचे असतील, कमी नाही की जास्त नाही, तर काय करावं? मी आपलं सहज विचारतेय.

ऑड्री


बेरिक, २० जानेवारी

ऑड्री,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

अठरा अंश. जानेवारीत. एकाच खोलीत. नॉर्थंबरलँडमध्ये जानेवारीत अठरा अंश लागणारा जीव एकच आहे, आणि ती विधवा बाई नव्हे. आपल्याकडच्या विधवांना बारा अंश पुरतात आणि वर त्या खिडकी उघडतात.

लीकची किती पिल्लं आहेत? कुठल्या खोलीत आहेत? मागच्या, उत्तरेकडच्या झोपायच्या खोलीत ना? वर दिवे लावलेस, बरोबर? दुपारी लावतेस आणि झोपायच्या आधी मालवतेस.

हे मला कसं कळलं तर तुझ्या बॉयलरने सांगितलं. ती डबी बैठकीत नाहीये. तू ती उचलून लीकच्या रोपांमध्ये नेऊन ठेवलीस. का, तर तिथे अठरा पाहिजेत आणि डबी अठरा ठेवते असं लिंडसेने सांगितलं. पण डबीला फक्त स्वतःच्या अंगाला लागतं तेवढंच कळतं. दुपारी दिव्यांनी ती तापते, म्हणते भरपूर ऊब आहे, बॉयलरला झोपवते, आणि सगळं घर गारठतं. दिवे मालवले की ती उत्तरेची खोली गार पडते. मग एका खोलीपायी बॉयलर पहाटेपासून घर भाजत बसतो. तुझ्या लोण्याचं गुपित ते.

बॉयलर ठणठणीत आहे. तो बॉयलरवाला मुकाट्याने गेला हा त्याचा सभ्यपणा.

स्टॅनचं बेणं आहे ना ते?

विल्फ


हॉक्सली, २४ जानेवारी

विल्फ,

हो. स्टॅनचंच आहे. आता तुम्ही-बिम्ही पुरे झालं, ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच कळलं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्याने माझा हात धरला. मला वाटलं काही तरी गोड बोलेल. म्हणाला, “गोंडे वाळू देऊ नकोस.” बावन्न वर्षांच्या संसाराचा शेवट गोंड्यांनी झाला. मग मी तरी काय करणार. ऑगस्टमध्ये लीकला फुलांचे गोंडे आले, नोव्हेंबरात गोंड्यावरची पिल्लं काढून एकेक कुंडीत लावली, त्याने लावली असती तशी. चाळीस होती, आता पंचवीस आहेत. ही गेली की ते बेणं जगातून गेलं, कारण त्याने ते कुणाला दिलं नाही. तुला तर नाहीच. तू आयुष्यभर त्या बेण्यावर डोळा ठेवून होतास हे मला ठाऊक आहे. बेरिकहून एकदा मध्यस्थ पाठवला होतास, व्हिस्कीची बाटली घेऊन. बाटली ठेवून घेतली, मध्यस्थ परत पाठवला.

क्लबात सांगितलं नाही, कारण ते हसतील. लिंडसेला सांगितलं नाही, कारण ती रडेल. तिला वाटतं मी मागच्या, त्याच्या खोलीत जाऊन बसते, डोकं ताळ्यावर नाही. परवा शेजाऱ्यांकडून कळलं म्हणून फोनवर म्हणाली, “आई, मागच्या खोलीत दिवसाकाठी आठ तास दिवे कशाला?” मी म्हटलं, विणकाम. तर म्हणाली, “विणकामासाठी कुणाला एवढा उजेड लागत नाही,” आणि तिथे बसल्या बसल्या घर सोळावर आणलं. चार पिल्लांनी माना टाकल्या. ती चार तिने मारली आणि तिला माहीतही नाही.

म्हणून विचारते, तिला त्या डबीतून बाहेर कसं काढायचं? आणि तू इकडे येऊ नकोस. पत्रानेच सांग. तुझ्या कोटाचे खिसे मोठे आहेत.

ऑड्री

ता. क. त्यांच्याशी मी बोलते. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणाकडून कळून हसशील ते नको.


बेरिक, २९ जानेवारी

ऑड्री,

मी माझ्या लीकशी पन्नास वर्षं बोलतोय. बहिरा झाल्यापासून तर फक्त त्यांच्याशीच, कारण त्यांना ओरडून उत्तर द्यावं लागत नाही.

लिंडसेला बाहेर काढू नकोस. बाहेर काढलंस तर ती गाडी घेऊन दारात उभी राहील. तिला हवं ते दिसू दे. डबी रोपांमधून काढ आणि पुढच्या पॅसेजात भिंतीवर लाव, छातीच्या उंचीला. दाराच्या फटीजवळ नको, दिव्याजवळ नको, आणि चहाच्या किटलीजवळ तर मुळीच नको. तुझा चहा दिवसातून नऊ वेळा होतो. नऊ वेळा ती डबी वाफेत शेकली तर नऊ वेळा बॉयलर झोपेल. मागच्या खोलीचा रेडिएटर पूर्ण उघड, बैठकीतला अर्धा बंद कर.

रोपांसाठी तापणारी चटई पाठवतोय, उद्याच्या टपालाने. तिला स्वतःचं बटण आहे, डबीचा आणि तिचा संबंध नाही. कुंड्यांखाली अंथर. ती काय करते हे रेडिंगला कळणार नाही. खोलीत स्टॅनचा काचेचा तापमापक टांग आणि त्याच्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नकोस, रोज स्वतःचा हात आत घालून बघ.

बेणं मला नको. म्हणजे हवंय, पण मागणार नाही.

व्हिस्कीची बाटली चांगली होती. स्टॅनने प्यायली का तेवढं कळव.

विल्फ


हॉक्सली, २४ फेब्रुवारी

विल्फ,

प्यायली. दोन घोट घेऊन म्हणाला, “मेल्याला व्हिस्की तरी कळते.” त्याच्या तोंडून तुझी एवढीच स्तुती ऐकली.

चटई पोचली, पिल्लं तिच्यावर मांजरासारखी पसरली आहेत. पंचवीसच्या पंचवीस उभी आहेत. डबी पॅसेजात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बॉयलर शहाण्यासारखा वागायला लागला. तुझं सगळं बरोबर होतं, फक्त एक चुकलं. लिंडसे दारात आलीच.

का आली ते ऐक. तिच्या फोनवर माझ्या घराची रेघ दिसते, वर-खाली, वर-खाली. ती दोन आठवडे सरळ झाली. अठरा, अठरा, अठरा. तिला वाटलं मी मेले. खात्री करायला फोन केला, तो मी घेतला नाही, कारण मी मागच्या खोलीत बोलत होते, कुणाशी ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी ऑफिस सोडून ती रातोरात तीनशे मैल आली आणि शनिवारी सकाळी सातला तिने काय पाहिलं? आई जिवंत, स्टॅनचा कोट आणि गमबूट घातलेली, बाहेर बर्फात उभी राहून भिंतीतल्या नळीला पाणी घालतेय. त्या सकाळी नळी खरोखरच गोठली होती. पाणी कोमट होतं. मनगटावर टाकून पाहिलं होतं, बाळाच्या दुधासारखं.

ती म्हणाली, “आई, काय करतेयस?”

मी म्हटलं, “बॉयलरचं तोंड उघडतेय. तू तुझं मीट आणि किटली ठेव.”

दहा मिनिटांत बॉयलर सुरू झाला. तिने ते पाहिलं. मग ती अंथरूण आणायला म्हणून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी जाऊन बघते तर जमिनीवर बसलेली, एक कुंडी मांडीवर घेऊन वास घेत होती. म्हणाली, “बाबांच्या हाताचा वास.” मग रडली. मीही रडले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण विल्फ, पत्रकं तिच्या पिशवीत अजून आहेत. हसते, रडते, आणि पुन्हा म्हणते, “आई, तरी पण.” संध्याकाळी तिने विचारलं, बाबा विल्फकाकाशी बोलत का नव्हते. मी अर्ध्या सुताची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, काकांचं मोजमाप बरोबर होतं का? मी म्हटलं, विल्फ हट्टी आहे, कंजूष आहे, सँडविचचोर आहे, पण पट्टीच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. हे मी तुझ्यासाठी बोलले याची नोंद घे.

ऑड्री


बेरिक, ३ मार्च

ऑड्री,

नोंद घेतली आणि त्या रात्री झोप लागली नाही.

स्पर्धेच्या पुढच्या वर्षी मी नवी पट्टी आणली. सहज म्हणून जुनीच्या शेजारी ठेवली. जुनी अर्धं सूत आखूड भरली. तीस वर्षं मी तिच्या टोकाने बॉयलरमधली काजळी खरवडत होतो, शून्याकडचं टोक झिजून गेलं होतं. म्हणजे तिने मोजलेली प्रत्येक वस्तू असेल त्याहून अर्धं सूत जास्त दिसायची.

स्टॅनचे लीक सहा इंच होते. नेमके सहा.

मी खोटं बोललो नाही, त्या दिवशी मला पट्टीवर दिसलं तेच बोललो. पण पुढची अठरा वर्षं गप्प बसलो, ते खोटंच. हे सांगायला तीनदा हॉक्सलीला आलो होतो. तिसऱ्या वेळी स्टॅन वाफ्यात वाकलेला होता, पाठ माझ्याकडे. मी कुंपणाशी उभा राहिलो आणि परत फिरलो. मला लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. मग तो गेला आणि मी सँडविच खात बसलो, कारण तोंड रिकामं असतं तर बोलावं लागलं असतं.

जुनी पट्टी सोबत पाठवतोय. तिचं काय करायचं ते तू ठरव.

विल्फ


बेरिक, २८ मार्च

ऑड्री,

उत्तर नाही. बरोबरच आहे. फक्त बॉयलरचा काटा एकच्या वर आहे एवढं कार्डावर कळव. शब्द लिहायला नको, आकडा लिही.

विल्फ


हॉक्सली, १९ एप्रिल

विल्फ,

दीड.

सहा आठवडे लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनने हातात धरलं नसतं. पट्टी स्वयंपाकघराच्या खणात ठेवली आहे. पहिले काही दिवस मी तिने घर मोजत होते. पाव, टेबल, स्टॅनची फोटोची चौकट. सगळं घर अर्ध्या सुताने वाढलं. मग एक दिवस स्टॅनच्या थडग्यावर गेले आणि त्याला सांगितलं, तुझे सहा होते. तो काही बोलला नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलत होता. मला तुझा राग आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाही. पण कुंपणाशी तीनदा आलेल्या माणसावर पूर्ण रागावता येत नाही, हीच अडचण आहे.

ईस्टरला लिंडसे आली आणि निवाडा सांगून गेली. सप्टेंबरातली स्पर्धा होऊ द्यायची. त्या दिवशी विल्फकाका घर तपासतील. बॉयलर, डबी, नळ्या, सगळं. “ते स्वतःच्या भावालाही अर्धं सूत सोडत नाहीत, ते सांगतील ते मी मानेन.” काका म्हणाले घर नीट आहे, तर पत्रकं फाडायची. नाही म्हणाले, तर मी चौथ्या मजल्यावर, चार बोटं उघडणाऱ्या खिडकीत. बघ, माझं घर आता कुणाच्या पट्टीखाली आलंय ते.

झिजलेल्या टोकाचं मी तिला सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं.

सोबतच्या खोक्यात सहा रोपं आहेत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. स्टॅनच्या बेण्याची. मी उरलेली वाफ्यात लावतेय. तू तुझी बेरिकला लाव, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी टेबलावर आण, माझ्याविरुद्ध. तुझे लीक मी मोजणार आहे, अध्यक्षाला सांगून ठेवलंय.

ऑड्री


बेरिक, १४ सप्टेंबर

ऑड्री,

तू अतिशय दुष्ट बाई आहेस, आणि हे मी कौतुकाने लिहितोय.

पाच महिने मी त्या रोपांना बाळांसारखं वाढवलं. काल टेबलावर ठेवले तेव्हा सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. तू पर्स उघडलीस, पट्टी काढलीस, लावलीस, आणि अख्ख्या क्लबासमोर शांतपणे म्हणालीस, “अर्धं सूत जास्त. बाद.”

ती माझी जुनी पट्टी होती. तिच्यावरचा डांबराचा डाग मी शंभर पावलांवरून ओळखीन. ओठ हलले तेव्हा ऐकू न येताही मला कळलं काय बोललीस. पट्टी खोटी आहे म्हणावं, तर कशावरून ते सांगावं लागणार. गप्प बसावं, तर स्टॅनचं बेणं त्याच अर्ध्या सुताने दुसऱ्यांदा खाली जाणार. नाक दाबलं की तोंड उघडतं हे तुला कुणी शिकवलं? मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. तू म्हणतेस एक मिनिट. माझे गुडघे म्हणतात एकोणीस वर्षं.

मग मी बोललो. बहिरा माणूस बोलतो तसा, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. पट्टी झिजलेली आहे, तेव्हाही झिजलेली होती, मला ठाऊक होतं, आणि स्टॅन मिलबर्नचे लीक नेमके सहा इंच होते. तू पर्समधून नवी पट्टी काढलीस, लावलीस आणि म्हणालीस, “सहा. नेमके.” तुझे डोळे भरले होते. माझेही, ते हॉलमधल्या कांद्यांमुळे.

तू दुसरी आलीस, मी चौथा. विजेत्यांच्या फळ्यावर स्टॅनचं नाव लिहायचं का, यावर समिती विचार करेल असं अध्यक्ष म्हणाला. म्हणजे आणखी एकोणीस वर्षं.

आता घराच्या तपासणीचं. तू क्लबात बक्षिसाची किटली हातात घेऊन फोटो काढत होतीस, म्हणून तुला माहीत नाही. लिंडसे मला गाडीत घालून घरी घेऊन गेली. गाडी सुरू करण्याआधी तिने कागदावर लिहून विचारलं, “काका, आता तुमच्या मोजमापावर विश्वास ठेवू की नको?” मी म्हटलं, आजपासून ठेव.

काटा दीडवर होता. नळीला तू जुन्या मोज्यांचं आवरण शिवलंयस, ते उत्तम. रेडिएटर नीट. मागच्या खोलीत चटई गुंडाळून ठेवलेली, कुंड्या धुतलेल्या. मग पॅसेजात आलो तर भिंतीवर डबी नाही. लिंडसे बाहेर वाफा बघायला गेली होती. मी शोधली. डबी स्वयंपाकघरात होती. चहाच्या ट्रेवर, किटलीला टेकून, आणि तिच्यावर तू विणलेली गुलाबी लोकरीची टोपी. डबीला थंडी वाजू नये म्हणून. जानेवारीपासून मी तुला काय सांगत आलोय, ऑड्री? नियमाने हे बाद. अर्ध्या सुताने नव्हे, चांगलं फूटभर बाद.

मी टोपी काढली, खिशात घातली, डबी भिंतीवर लावली आणि खिशातल्या नव्या पट्टीला हातही लावला नाही. लिंडसे आत आली, म्हणाली, “काय?” मी म्हटलं, सगळं जिथल्या तिथे आहे. तुझी आई हे घर माझ्याहून चांगलं सांभाळते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खिशाकडे पाहिलं, गुलाबी लोकर बाहेर लोंबत होती. माझ्या कोटाचे खिसे मोठे आहेत हे तू म्हणतेस, पण टोपीही मोठी होती. तिने पिशवीतून ती रंगीत पत्रकं काढली, वाफ्यातून उपटून आणलेले दोन लीक त्यांत गुंडाळले आणि रेडिंगला सूप करायला गाडीत ठेवले.

टोपी माझ्याकडे आहे. नोव्हेंबरात पिल्लं लावायला येईन तेव्हा आणतो, सँडविचेस तीन करून ठेव. तोवर डबीला हात लावू नकोस.

विल्फ